डरकाळी अडली तेव्हा

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या दोन कळा उडाल्या आहेत, झाकणाला चिकटपट्टी आहे. तरी मित्रांनो, वडशाच्या एका नाटक मंडळीत पाऊस मी पाडतो, आगगाडी मी आणतो आणि वाघही मीच बोलवतो!

एका कचेरीने मला म्हातारा म्हणून काढून टाकले. मंडळीत आवाजाचे काम पाहणाऱ्या मोहसीनने मला उचलले आणि माझ्यात नवी प्रणाली घातली. तिच्यात वर्षातून एकदा मोठा बदल होत नाही. पळसाला पालवी फुटावी तसे रोज थोडे थोडे नवे येत राहते.

यंदाच्या हिवाळ्यात कुरखेड्याजवळच्या एका गावात प्रयोग होता. निघताना मोहसीन मला अपडेट करू लागला. नेट रडतखडत चालले होते. "आवाजाचा प्रोग्राम तेवढा नवा घेतो, बाकीचं मंग पाहू," म्हणत त्याने उरलेले तसेच सोडले.

गावी दुपारच्या तालमीत त्याने कळ दाबली, आणि मी मुका! नव्या प्रोग्रामची भाषा माझ्यातल्या बाकीच्या जुन्या प्रोग्रामांना कळेचना.

मालक विनोदभाऊ तापले. "अख्खा तिसरा अंक डरकाळीवर हाय! आज वाघ नाई बोलला, तर उद्यापासून तू घरीच बसजो."

"मीच ओरडू का भाऊ, पडद्यामागून?" नायिका नीलाबाई म्हणाली.

"तुमचं ओरडनं ऐकून खरा वाघ जंगल सोडंन, बाई!" नायक प्रणितने टोला हाणला.

मोहसीन मात्र रडकुंडीला आला होता.

तालीम पुढे सुरू झाली. लेखकाने सकाळी नीलाबाईला संवादांचे नवे पान दिले होते. प्रणितला द्यायचे राहून गेले होते.

"काऊन आलास रे इथी?" नीलाबाई कडाडली.

"दोन म्हशी न् एक बैल!" प्रणितने जुन्या पानावरचे उत्तर ठोकले.

सगळे पोट धरून हसले. मोहसीन ताडकन उठला. "मी बी हेच केलं! एकाले नवं पान, बाकीच्याइले जुनंच!"

गावात नेट नव्हते. सगळेच नवे करणे शक्य नव्हते. पण आवाजाचा जुना प्रोग्राम माझ्या पोटात अजून जपलेला होता. मोहसीनने तोच परत बसवला आणि डोळे मिटून कळ दाबली.

कर्ण्यातून अशी डरकाळी निघाली, की बांधावर शेळ्या चारणारी धुरपताबाई शेळ्यांच्याही आधी मंडपात शिरली! "कुठी हाय वाघ?"

"हा काय, टेबलावर बसला हाय," विनोदभाऊ हसले आणि मोहसीनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू बी बस आता त्याच्यापाशी. हंगामभर."

वडशाला परतल्यावर मोहसीनने मला सारे नवे एकदमच दिले.

मित्रांनो, आम्हा जुन्यांनाही नवे आवडते. फक्त पंगतीत एकालाच वाढून बाकीच्यांना ताटकळत ठेवू नका, आणि नवे अंगवळणी पडेपर्यंत जुने फेकू नका. तेवढे तुम्ही सांभाळा, वाघाचे मी बघतो.