थांबू नका, कृपा जाईल!

भर दुपारी मैदानात पंधरा गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे मालक मान पुसत गारबाबाची वाट बघत होते. सगळ्यांची तक्रार एकच, एसीतून गरम हवा येते. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला गारबाबा आला, पहिल्या गाडीवर हात ठेवून त्याने डोळे मिटले आणि विचारलं, "बाळा, गाडी पळताना गार लागतं का?"

"लागतं, बाबा. थांबली की गरम."

"म्हणजे तिच्यात अजून जीव आहे."

मग निळ्या बादलीतलं 'शीतजल' काहीबाही पुटपुटत गाडीच्या पुढच्या जाळीवर ओतलं गेलं. पाच मिनिटांत आत गारेगार वारा सुटला. गर्दी आ वासून बघत राहिली.

"आता नीघ. तासभर कुठेही थांबू नकोस. थांबलास तर कृपा जाईल, मग मला बोल लावायचा नाही."

दुसऱ्याची गाडी पळतानाही गरमच हवा मारायची. बाबाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या मनात शंका आहे. आधी ती काढ, मग ये." तो बिचारा शंका काढायला घरी गेला.

हे सगळं उस्ताद झाडाआडून बघत होता. गेली वीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा हा मिस्त्री. आज त्याच्या गॅरेजपुढे एकही गाडी नव्हती. आडपडदा कशाला ठेवा, तो जळत होता. कारण गारबाबा हा त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा! सहा महिने उस्तादच्या हाताखाली शिकला आणि हाताला ग्रीस लागतं म्हणून सोडून गेला. ती बादलीही उस्तादचीच विद्या. त्यानेच साडूला शिकवलं होतं, जाळीवर पाणी मारल्यावर एसी गार झाला, तर पुढचा पंखा तपास. दुरुस्तीची ती पहिली पायरी होती. साडूने तिथेच दुकान मांडलं.

हे चारचौघांत सांगावं असं उस्तादला रोज वाटायचं. पण लोक म्हणाले असते, याच्या पोटात दुखतंय. आणि दुखत तर होतंच.

तेवढ्यात रांग सरकली आणि तिसरी गाडी पुढे आली. गाडी उस्तादचीच होती आणि चालवत होती त्याची बायको.

तो धावतच गेला. "अगं, घरात मिस्त्री असताना तू इथे?"

"घरातला मिस्त्री दोन महिने 'उद्या बघतो' म्हणतोय," ती म्हणाली. "भाऊजी निदान ऐकून तरी घेतात."

हे वाक्य त्याला नेमकं लागलं. गारबाबा मंद हसला. ते हसू तर आणखी लागलं.

"बरं," उस्ताद साडूला म्हणाला, "घाल पाणी."

पाणी पडलं, मंत्र झाला, गार वारा आला. बायकोने नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"छान," उस्ताद तिला म्हणाला. "आता गाडी हलवू नकोस. इंजिन आणि एसी चालू ठेव."

"थांबू नका!" बाबा ओरडला. "कृपा जाईल!"

"जाऊ दे की. कुठून जाते, ते तरी बघू."

लोक हसले. दहा मिनिटांत बायको म्हणाली, "गरम यायला लागलं."

"अविश्वासाची सावली पडली!" बाबा म्हणाला.

उस्ताद वीस पावलं मागे जाऊन उभा राहिला. "घे, सावली काढली."

हवा गरमच राहिली. थोड्या वेळाने बायको म्हणाली, "अहो, हा इंजिनाच्या तापमानाचा काटा का वर चाललाय?"

बाबाने खिडकीतून काटा पाहिला मात्र, त्याचा चेहरा पडला आणि सहा महिन्यांची जुनी सवय तोंडातून निसटली. "उस्ताद, बंद करा! पंखा फिरत नाहीये, इंजिन जाईल!"

बायकोने किल्ली फिरवली आणि खाली उतरली. "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

भाऊजींनी बादली हळूच पायाने मागे सरकवली.

उस्तादने बॉनेट उघडलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "एसी आतली उष्णता उचलून या जाळीत आणून टाकतो. हा पंखा ती उडवून लावतो, इंजिनालाही वारा घालतो. तोच बंद पडला, तर उष्णता जाणार कुठे? पाणी टाका, ती घटकाभर निघून जाते. गाडी पळवा, समोरचा वारा तिला नेतो. थांबलात की संपलं."

काटा खाली आल्यावर त्याने फ्यूजच्या डबीतून पंख्याचा रिले काढला. काडेपेटीहून लहान, काळा ठोकळा, पंख्याला वीज सोडणारा; तोच बिघडला होता. हॉर्नचा तसाच ठोकळा काढून त्या जागी बसवला. गाडी चालू करताच पंखा घरघरला. गाडी जागेवर उभी, बादली कोरडी, आणि आत गारवा.

"पाच मिनिटांचं काम होतं," बायको हळूच म्हणाली, "मग दोन महिने का लावलेत?"

साडूवर जळायला उस्तादला दोन महिने वेळ मिळाला होता, तिचं म्हणणं ऐकायला मिळाला नव्हता. जिंकूनही त्याची मान खाली गेली.

"हॉर्न तेवढा बंद राहील," तो पुटपुटला. "उद्या नवा रिले घालतो."

"उद्या?"

"आत्ता. आत्ताच घालतो."

रांगेतला शाळेचा व्हॅनवाला पुढे झाला. "उस्ताद, मग आम्ही विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

"माझ्यावरही नको. मी 'पंखा गेला' म्हटलं, तर पंखा दाखव म्हणा. पाणी का टाकलं, न टाकता काय होतं, विचारा. आणि कुणी 'थांबू नका' म्हणून बजावलं ना, तर तिथेच दहा मिनिटं थांबा आणि काट्यावर नजर ठेवा."