सिंहाचं तोंड

"मी नाय पिणार बाई. आधी तू."

"मी? माझा आज उपास हाय."

"पाण्याचा?"

सोमनाथ गवंड्याच्या अगदी पाठीशी ही कुजबुज चालली होती. वैजापूर रस्त्यावरचं ते दगडी कारंजं निजामाच्या काळातलं. येणारं-जाणारं माणूस सिंहाच्या तोंडाखाली ओंजळ धरायचं. पुढं सिंहाचं तोंड फुटलं, ते सोमनाथनं नव्यानं घडवलं. आज उद्घाटन. लोक पाणी प्याले, की वेशीवरच्या दोन सिंहांचं कामही तुलाच, असा कारंजे समितीच्या आप्पासाहेबांचा शब्द होता. आणि सकाळपासून कुणी थेंब तोंडात घेतला नव्हता.

का, ते सगळ्यांना दिसत होतं. सिंहाचा फोटो होता मोबाइलमध्ये, आणि मोबाइल पहिल्याच दिवशी हौदात गेला. मग आठवून आठवून घडवणं आलं. त्यात आप्पासाहेब पंधरा दिवस समोर खुर्ची टाकून बसलेले. "मिशी जरा वर घे. नजर कशी, जरबेची पायजे!" सोमनाथ मान वर करून सिंह आठवायचा, दिसायचे आप्पासाहेब. डाव्या गालावरची चामखीळ दगडात कधी उतरली, त्याचं त्यालाही कळलं नाही. वर आप्पासाहेब भाषणाला उभे राहिले, की पुढची रांग ओली होते, हे गावाला पाठ. आता त्या तोंडातून धार सुटलेली.

"काय रुबाब हाय सिंहाचा!" आप्पासाहेब खूश. "प्या की! लाजता काय?"

"आत्ताच चहा झाला, साहेब," म्हणत सर्जेराव मास्तर दोन पावलं मागं सरकले. पहिल्या रांगेचा त्यांना अनुभव होता.

शेवटी मान आप्पासाहेबांच्या आशाबाईंना दिला. त्यांनी पेला भरला. सिंहाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"नाव घ्या, वहिनी! त्याबिगर घोट नाय!" बायका ओरडल्या.

सोमनाथनं डोळे मिटून घेतले. आशाबाईंनी घसा साफ केला.

"कारंज्याच्या सिंहाची मिशी बघा वर,
चामखीळ डाव्या गाली, फवारा हातभर,
तीस वर्षं न्हाले यात, आज प्याले तर काय?"

पेला त्यांनी एका दमात रिकामा केला, ओठ पुसले.

"आप्पासाहेबांचं तोंड हे, सिंहाचं नाय!"