जाहिदाबाईंचा कॉम्प्युटर

जाहिदाबाईंच्या घरी कॉम्प्युटर आला तो काही एकदम आला नाही. वर्षभर तुकड्यातुकड्याने येत राहिला. भाऊ फजल सौदीत दम्मामला नोकरीला. तिकडून उरणला, गावी, सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येक नातलगाच्या बॅगेत तो एकेक भाग कोंबायचा. मदरबोर्ड चुलत दिराच्या ब्लँकेटातून आला, कीबोर्ड मामींच्या साड्यांखालून. सलिमाखालांनी तर स्क्रीन सगळा प्रवास मांडीवर घेऊन आणला आणि महिनाभर गुडघ्यांच्या नावाने कण्हत बसल्या.

हे सत्त्याऐंशी सालचं. वाशीच्या फ्लॅटमध्ये, पुढच्या खोलीत, जाहिदाबाईंचा टायपिंगचा क्लास होता. सहा मशीन, आणि सहाही त्या स्वतः खोलून दुरुस्त करायच्या. पण आता सगळीकडे कॉम्प्युटर येणार म्हणे, टायपिंग शिकून करायचं काय? चाळीस मुलींच्या नऊ उरल्या. अशात जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सुमित्राबाई म्हणाल्या, "जूनपासून कॉम्प्युटरचा वर्ग काढतोय. शनिवारी सकाळी तुमचं मशीन चालताना दाखवा, वर्ग तुमचा. नाहीतर मुंबईचा एक माणूस आहेच."

जाहिदाबाईंना तो वर्ग हवा होता, अगदी जिवापाड हवा होता. वीस वर्षं शिकवलेल्या बाईला कुणी अडगळीत टाकलं तर ते सहन होणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी फजलने पाठवलेला जोडणीचा कागद समोर ठेवून सगळे भाग पत्र्याच्या पेटीत बसवले. फजलने चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आपा, काळजी नको, सगळं इथे चालवून बघितलंय.' बिस्मिल्ला म्हणून त्यांनी बटण दाबलं. फाट्कन आवाज झाला, मागून धूर निघाला आणि घरातले दिवे गेले.

जाहिदाबाईंनी खालच्या मजल्यावरच्या मारोतीला हाक मारली. मारोती जालन्याकडचा, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, अघळपघळ पण हाताचा पक्का. त्याने फ्यूज बदलून दिवे आणले, मग पेटीच्या मागे वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"ताई, ही लाल खिट्टी बघा, एकशे पंधरा व्होल्टवर हाय. तिकडे वीज आपल्या निम्मी असते. भावाने तिकडच्या विजेवर लावून बघितलं आन् खिट्टी तशीच ठेवून दिली."

घ्या. इतक्या प्रेमाने चालवून बघितलं त्याचं हे फळ. जाहिदाबाईंनी फजलला मनातल्या मनात अशा शिव्या हासडल्या की दम्मामात त्याला ठसका लागला असेल.

"राहू द्या आता," मारोती म्हणाला. "उद्यापर्यंत काय होत नसतं."

"का होत नाही? जळालंय काय ते आधी बघू."

"थांबा, हात घालू नका. आत वीज साठून ऱ्हाते."

त्याने साठलेली वीज उतरवली, मग पॉवर सप्लायचा डबा उघडला. आतला फ्यूज काळाठिक्कर आणि दोन मोठे कंडेन्सर फुटलेले. बाकीचं त्याने मीटरने तपासलं, शाबूत होतं. दुकानातल्या एका मोडक्या कलर टीव्हीतून त्याने दोन कंडेन्सर काढून आणले. ते आकाराने मोठे, जागेत मावेनात. जाहिदाबाईंनी तारा लांब करून ते आडवे बसवले. सोल्डरिंगचे डाग त्यांनीच दिले, कारण मारोतीची बोटं जाड आणि जागा अरुंद.

या वेळी खिट्टी बघून घेतली, एकदा नाही, तीनदा. मारोतीने विजेच्या तारेच्या मध्ये एक साधा बल्ब जोडला. "हा पेटून तसाच ऱ्हायला तर अजून शॉर्ट हाय समजा." बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला. मग बल्ब काढून सगळं नीट जोडलं. पंखा फिरला, स्क्रीनवर मेमरी मोजणारे हिरवे आकडे उमटले आणि भराभर वाढत सहाशे चाळीसवर थांबले. जाहिदाबाईंना चक्क रडू आलं. मारोतीने उगाच खिडकीबाहेर बघितलं.

शनिवारी सुमित्राबाई आल्या आणि सोबत शाळा चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस गोटीराम पाटील, इथल्या जुन्या गावातले. मशीन चालू झालं. जाहिदाबाईंनी शाळेचं मराठी नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करून दाखवलं. पाटील खूश.

"मशीन झ्याक हाय बाई. सोमवारी शालेत पाठवून द्या. शिकवाला त्यो मुंबईचा मानूस येनारच हाय, मी सांगून बसलोय."

सुमित्राबाई खाली बघायला लागल्या. त्यांचा शब्द असा परस्पर मोडला होता.

जाहिदाबाईंचं टाळकं सणकलं. त्यांनी बटण बंद केलं, पिन काढली, स्क्रूड्रायव्हर घेतला. झाकण उतरलं. मग पॉवर सप्लाय, कार्डं, फ्लॉपीचा ड्राइव्ह, शेवटी मदरबोर्ड, सगळं चहाच्या टेबलावर मांडलं.

"हे काय चाललंय?" पाटलांनी विचारलं.

"माझ्याकडे आलं तसंच देते. मुंबईच्या साहेबांना सांगा, सोमवारी मुलांसमोर जोडून चालवा."

"आनि नाय जमला तर?"

"तर मुलं शिकणार कुणाकडून, ते तुम्ही ठरवा."

पाटलांनी मदरबोर्ड उचलला, उलटा करून बघितला, जपून खाली ठेवला. खुर्ची पुढे ओढली. "मना बघूं द्या. जोरा परत."

जाहिदाबाईंनी जोडणीचा कागद बघितला नाही, मारोतीला हाक मारली नाही. एकेक भाग हातात घेऊन तो काय करतो ते सांगत त्यांनी जोडायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता राग कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. वीस मिनिटांत झाकण बसलं. बटण दाबलं. हिरवे आकडे धावायला लागले तसे पाटीलही ते मोठ्याने वाचायला लागले, आणि सहाशे चाळीसला मांडीवर थाप मारून उठले.

"मुंबईवाल्याला मी कलवतो," ते सुमित्राबाईंना म्हणाले. मग जाहिदाबाईंकडे वळले. "सोमवारी मशीनसंगं तुमीच या, टीचर."

"आठला येते," जाहिदाबाई म्हणाल्या. "पण पहिल्या दिवशी बटण दाबायला मिळणार नाही कुणाला. आधी खोलायला शिकवणार."