जोड कुणी शिवला

स्वादुपिंड हा अवयव मुळातच तुसडा. जठराच्या आड दडून बसतो आणि कुणी हात लावला की डूख धरतो. पोट न फाडता, बोट जाईल एवढ्याच भोकांतून लांब दांड्यांची हत्यारं घालून त्याला शिवायची विद्या ती काही वर्षं शिकत होती. हॉस्पिटलात तिला ‘धाकट्या मॅडम’ म्हणत, कारण तिला शिकवणारे थोरले सर अजून ठणठणीत होते.

घरी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं असे. त्याला भोकं पाडलेली, आत मोबाइलचा कॅमेरा. हात डावीकडे नेला की हत्याराचं टोक उजवीकडे पळे. स्पंजच्या तुकड्याला हातमोज्याचं बोट शिवायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं.

“जगाची आतडी शिवते, पण माझ्या लेकाच्या शर्टाला बटण नाही,” सासूबाई म्हणत.

“त्याला हात नाहीत का, आई?”

“हे मी त्याच्या बापाला वेळेवर विचारायला हवं होतं बाई!”

सरांनी तिला आधी नुसता कॅमेरा धरायला लावलं, मग एकेक पायरी करू दिली. रोगाची गाठ काढल्यावर उरलेलं स्वादुपिंड आतड्याला जोडायचं, ते मात्र कायम स्वतःकडे ठेवलं. तिथे चूक झाली तर पाचक रस पोटात झिरपतो आणि माणसाच्या जिवावर बेततं. एका गणिताच्या मास्तरांच्या ऑपरेशनला सर पहिल्यांदा बाजूला सरकले. मास्तरांचं स्वादुपिंड इतकं मऊ, की लोण्यात टाका घालावा तसं. शेवटच्या टाक्याची गाठ बसली तेव्हा सर “छान” म्हणाले. सरांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खैरातच. तिनं बाहेर येऊन घरी फोन लावला. “जोड मी शिवला! सगळा मी!”

काही दिवसांनी मास्तरांच्या पोटात ठेवलेल्या नळीतून गढूळ पाणी येऊ लागलं. त्या पाण्याच्या तपासणीचा निकाल आला तशी ती सरांकडे गेली.

“सर, मास्तरांना गळती झालीये.”

“झालीये होय,” सर म्हणाले. “त्या दिवशी फोनवर तर ‘मी शिवला’ ऐकलं मी. आपल्या धंद्यात हे बरंय बघ. चांगलं ते आपण करतो, वाईट ते आपोआप होतं.”

तिनं तपासणीचा कागद पुढे केला.

“अगं, मऊ स्वादुपिंड कुणाच्याही हातून गळतं. पण तुझा एक टाका जरा जास्त ओढला गेला असावा. मला तेव्हा ठीक वाटलं, म्हणून बोललो नाही. तेवढा दोष माझ्या पदरात टाक. आणि जा, काकूंना सांगून ये.”

काकू, म्हणजे मास्तरांच्या बायको, खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. नुसतं ‘गळती झाली’ म्हटलं असतं तरी निभलं असतं. तिनं ते ओठांपर्यंत आणलंही.

“काकू, जोडातून रस गळतोय. नळीतून बाहेर येतोय, म्हणून आज धोका कमी आहे. बहुतेक वेळा भरून येतं, पण दिवस लागतील आणि मध्ये त्रास वाढूही शकतो. तो जोड मी शिवला होता.”

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “सरांनी का नाही शिवला?”

“तुम्हाला आधी सांगितलं होतं, मी करणार आणि सर शेजारी असणार.”

“सांगितलं होतं. मी हो म्हटलं. तेव्हा कळलं होतं का मला, हो म्हणजे काय ते?”

“नसेल,” ती म्हणाली. “पण कुणावर तरी पहिल्यांदा करावंच लागतं, काकू. त्याशिवाय येत नाही.”

“आणि ते कुणीतरी म्हणजे आमचे हे.”

“हो.”

तिला वाटलं, आता या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि उठल्या.

“मग ते बरे होईपर्यंत तुम्हीच यायचं. सकाळी, संध्याकाळी. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही. आणि हे आत्ता मला सांगितलंत ना, ते आधी त्यांना सांगा. पोट त्यांचं आहे.”

काकूंनी दार उघडून धरलं. आत मास्तर जागेच होते. तिनं खुर्ची ओढली आणि बसली.