तिने लिहिलेला चौदा

मित्रांनो, मी सामुद्रधुनीचा एक जुना नकाशा आहे. सामुद्रधुनी म्हणजे दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची चिंचोळी वाट. माझ्यावरची वाट जेमतेम तीन मैल रुंद आहे आणि मधेच पाण्याखाली वाळूचा दांडा, म्हणजे लांबट उंचवटा आहे. ही वाट टाळायची तर जहाजांना अकरा दिवसांचा वळसा पडतो. म्हणून राजांनी दोन्ही काठांवर किल्ले बांधले. ज्याचे किल्ले, त्याच्या मुठीत दोन समुद्रांचं धान्य. पुढे धान्याच्या जागी तेल आलं, भांडण तेच राहिलं. युद्धाच्या काळात माझ्यासारखे नकाशे कुलपात ठेवत. पाण्याची खोली शत्रूला कळली, तर किल्ले काय कामाचे?

माझा मालक पायलट होता. परक्या जहाजावर चढून तो त्याला या वाटेतून पार नेई. वाळू सरकते, तशी खोली बदलते. दर आठवड्याला बंदरातून दुरुस्त्यांचा कागद आला की मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरत. जुन्या आकड्यावर एक बारीक रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा. हे काम त्याची बायको करी.

"अहो, तुमचा आठ बटाट्यासारखा दिसतो. जहाज बुडवाल एखादं! सरका."

"सरकलो, बाईसाहेब. तेवढा चहाचा कप नकाशावरून उचला."

दांड्याजवळ तिने लिहिलेला शेवटचा आकडा चौदा मीटरचा. मग ती आजारी पडली आणि गेली.

पुढच्या कागदात तिथे अकरा होते. त्याने पेन उघडलं. तिच्या चौदावर रेघ मारायला हात धजेना. "राहू दे," तो म्हणाला, "माझ्या लक्षात राहील." आणि मला गुंडाळून ठेवलं.

तीन महिन्यांनी, धुक्याच्या सकाळी, एका जहाजावर त्याने मला उलगडून पाहिलं. मी चौदा सांगितले. मला तेवढंच ठाऊक होतं. तेलाचं जहाज वाळूत रुतलं. माणसं वाचली, पण वाट दोन दिवस बंद पडली. त्याचा परवाना गेला.

मुलगी म्हणाली, "बाबा, आईनं आकडा त्याच दिवशी बदलला असता."

"हो. म्हणाली असती, सरका."

त्याने मला टेबलावर पसरलं, रेघ मारली, शेजारी अकरा लिहिले. वाकडेच आले.

आता मी भिंतीला टेकून पडून असतो. मित्रांनो, नकाशा जपायचा म्हणजे त्याच्यावर वेळच्या वेळी रेघ मारायची. भिऊ नका. तिचा चौदा रेघेखाली अजून नीट वाचता येतो.