पन्नासच्या खाली

"आर्डिसबाई, दार उघडा! दिवा लागलाय तुमचा!"

शेजारचा केंट बिअर्के दार ठोठावत होता. घाईघाईत चढवलेला कोट, नाड्या न बांधलेले बूट आणि हातात पान्यांची पेटी. आर्डिसबाई नुकत्याच चर्चमधून येऊन टोपी काढत होत्या.

"कसला दिवा? अगं बाई, तो होय!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतला लाल दिवा खरंच पेटला होता. हिवाळाभर उबदार ॲरिझोनाला पळून जाणारी मंडळी या रस्त्यावर असे दिवे लावून जात. घर पन्नास अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे जेमतेम दहा सेल्सियसच्या, खाली गेलं की तो आपोआप लागायचा, आणि नळ गोठून फुटण्याआधी शेजाऱ्याने धावत यायचं, असा इथला रिवाज. आर्डिसबाई कुठेच जात नसत. पण व्हर्ननने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, कधीकाळी एका सहलीसाठी तो आणला होता, आणि व्हर्नन वारल्यावरही दिवा तिथेच राहिला होता.

केंट तळघरात जाऊन घर तापवणारी भट्टी बघून आला.

"भट्टी ठणठणीत आहे. भिंतीवरच्या या थर्मोस्टॅटला काय सांगून ठेवलंय तुम्ही? रविवारी अठ्ठेचाळीस? घरात मासे साठवलेत की काय?"

"रिकामं घर तापवायचं म्हणजे पैसे जाळायचे. चर्च सुटलं की मी मार्लिसकडे पत्ते खेळायला जायचे, संध्याकाळी यायचे. तेवढ्या वेळापुरतं कमी केलंय."

"मग आज लवकर कशा?"

"मार्लिस लेकीकडे राहायला गेली. फार्गोला. कायमची."

"मग आकडे बदला की, बाई."

"बदलते."

घर तापायला वेळ लागणार होता आणि दिवा विझेपर्यंत केंटला जाववेना. बाईंनी कॉफी विचारली. तो नको म्हणाला. पुन्हा विचारली, उगाच कशाला म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर खुर्ची ओढून बसला. या भागात पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कंजूष.

लिंबाच्या वड्या खाता खाता केंट म्हणाला, "तुम्ही शाळेची बस चालवायचात तेव्हा मी एकदा बसमध्ये मारामारी केली होती. तुम्ही मला उचलून अगदी पुढच्या सीटवर आणून बसवलंत. आठवतं?"

"एकदा? अरे, तू त्या पुढच्या सीटवरच लहानाचा मोठा झालास!"

दोघंही खळखळून हसले. त्या स्वयंपाकघरात कुणी मोठ्याने हसून बरेच दिवस झाले होते. थोड्या वेळाने दिवा विझला आणि केंट उठला.

संध्याकाळी बाई थर्मोस्टॅटसमोर उभ्या राहिल्या. बटणावर बोट ठेवलं आणि तसंच काढून घेतलं. पुढच्या रविवारसाठी मात्र त्यांनी शनिवारीच वड्या करून ठेवल्या.

दिवा लागला आणि केंट आला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. कधी त्याने भट्टीची जाळी बदलली, कधी खिडकीच्या फटी बुजवल्या, आणि आकड्यांबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. गॅसचं बिल उतरलं होतं, त्यामुळे काटकसरीची सबब अगदीच खोटी नव्हती. पण खरं सांगायचं तर आठवडाभर टीव्हीखेरीज कुणी त्यांच्याशी बोलत नसे. 'मला एकटं वाटतं' हे म्हणायला मात्र त्यांची जीभ कधी रेटली नसती. दिवा ते परस्पर सांगत होता, आणि त्यात कुणाचाच मान जात नव्हता.

मग एका शनिवारी, घर चांगलं उबदार असताना, केंट खोकं घेऊन दारात हजर. बाहेर गाडी चालूच होती आणि गाडीत त्याची बायको बसली होती.

"नवा थर्मोस्टॅट, बाई! माझ्याकडून भेट. हा फोनशी जोडलेला असतो. तुमचं घर किती गार आहे ते मला घरबसल्या दिसणार आणि तिथूनच मी ते तापवणार. तुमचं बिल वाचेल आणि तुम्हाला कुडकुडत बसावं लागणार नाही. मला फार काळजी वाटायची हो."

बोलता बोलता त्याने जुना काढून नवा बसवलासुद्धा. दिव्याची वायर काढली, नीट गुंडाळली आणि दिवा कपाटात ठेवला.

"छान झालं," बाई म्हणाल्या. दोन कप कॉफी त्यांनी आधीच ओतून ठेवली होती.

केंट दाराशी घुटमळला. "रविवारचा तसाच येत जाऊ का? सहज?"

"छे रे! तुला कशाला त्रास?"

"नक्की? मला काही जड नाही."

"अरे, तुला घरची कामं नाहीत का!"

आता तिसऱ्यांदा. बाई दाराची मूठ धरून उभ्या राहिल्या. हो कसं म्हणायचं, तेही त्यांनी मनात ठरवलं होतं. फार उत्साहाने नाही, 'बरं, इकडून जात असलास तर ये' इतकंच.

गाडीचा हॉर्न वाजला.

"बरं तर," केंट हसत म्हणाला. "काही लागलं तर सांगा हं."

"सांगेन की," बाई म्हणाल्या. गाडी वळणाआड गेली, तसं त्यांनी दार लावून घेतलं.

ठरवलं असतं तर आकडा खाली आणता आला असता. पण आता त्याने केंट आला नसता, नुसती तळघरातली भट्टी पेटली असती.

त्या टेबलाशी बसल्या आणि आपली कॉफी सावकाश प्यायल्या. मग उठून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, आणि वाया जायला नको म्हणून त्याचीही प्यायल्या.