साडेतीनचा भोंगा

“काका, घड्याळ काढा. आत काही चालत नाही.”

भीमराज ओव्हाळने आधी घड्याळात बघितलं, मग काढलं. आठ वाजून अकरा मिनिटं झाली होती.

“आठची वेळ दिली होती,” तो सिस्टरला म्हणाला.

सिस्टर हसली. तिला वाटलं, घाबरलेला माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय. स्ट्रेचरच्या बाजूला उभ्या असलेल्या केसरबाईला माहीत होतं, की घाबरला तर तो होताच, पण त्या अकरा मिनिटांचं त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

घड्याळ त्याने बायकोच्या हातात ठेवलं. पंचवीस वर्षं नोकरी झाली तेव्हा कंपनीने दिलेलं, मागे नाव कोरलेलं. नावातला ‘भी’ ऱ्हस्व पडला होता. ते दुरुस्त करून मिळावं म्हणून त्याने दोनदा अर्ज केला होता.

“लक्षात आहे ना? शुद्धीवर आलो की हे हातात घालायचं. बाकी कुणी काही बोलायचं नाही.”

“व्हय,” केसर म्हणाली.

स्ट्रेचर आत गेलं आणि दार आपोआप मिटलं.

गोष्ट अशी होती. भीमराज पिंपरीतल्या एका कंपनीत टाइम ऑफिसला चौतीस वर्षं क्लार्क होता. शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हा त्याने ती मूळव्याध ठरवली, कारण खुर्चीत बसणाऱ्या माणसाला दुसरं काय होणार. वर्षभर ताक आणि सुरणाची भाजी चालली. रिटायर झाल्यावर दोन महिन्यांत तपासणी झाली आणि मोठ्या आतड्यात गाठ निघाली. आतड्याचा तेवढा तुकडा काढला. पण यकृतावर तीन डाग आधीच उतरले होते. सहा महिने केमो झाली, डाग आकसले, आणि डॉक्टर मॅडम म्हणाल्या की आता यकृताचा उजवा भाग काढून टाकता येईल. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, दोन-तीन महिन्यांत कामाला पुरेल एवढं होतं.

“म्हणजे ओव्हरटाइम करतं,” भीमराज म्हणाला होता. त्या आजारात त्याला मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट.

मॅडमनी पुढचंही सांगितलं. स्कॅनला सगळं दिसत नाही. पोट उघडल्यावर आतल्या अस्तरावर बारीक दाणे दिसले, तर यकृत कापून उपयोग नाही. मग काहीही न काढता टाके घालून बाहेर यायचं.

लोक अशा वेळी विचारतात, किती वर्षं मिळतील. भीमराजने विचारलं, “दोन्हीला किती किती वेळ लागतो?”

मॅडमनी मनात हिशेब केला. “सगळं झालं तर दुपारचे तीन वाजतील. नाही झालं, तर दहा-सव्वादहालाच बाहेर.”

दापोडीला परत येताना बसमध्ये त्याने केसरला आणि मुलीला, मिनलला, नियम घालून दिला. “तुम्हाला दोघींना खोटं बोलता येत नाही, आणि खरं तुमच्याच्याने बोलवणार नाही. तेव्हा बोलूच नका. घड्याळ द्या, मी बघतो.”

घड्याळावर त्याचा विश्वास होता. माणसांवर नव्हता असं नाही, पण माणसं कार्ड घेऊन यायची. जुन्या मशीनमध्ये कार्ड सरकवलं की खट्कन वेळ उमटायची आणि काही पोरं खिशात मित्राचंही कार्ड बाळगायची. अशा वेळी भीमराज काही बोलायचा नाही. केबिनमधून उठून नुसता मशीनशेजारी येऊन उभा राहायचा, हात मागे बांधून. दुसरं कार्ड खिशातच राहायचं. पुढे तोंड बघून हजेरी लावणारं मशीन आलं, ते इंग्रजीत थँक यू म्हणायचं. ते भीमराजला चोंबडेपणाचं वाटे.

भोंगाही त्याच्याच केबिनमधून वाजायचा. साडेअकराला जेवणाचा, एकच आणि आखूड. साडेतीनला पाळी सुटल्याचा, लांबलचक, दोनदा. दापोडीत वारा तिकडचा असला की केसरला घरात ऐकू यायचा. साडेतीनचा दुसरा भोंगा संपला की ती चहाचं आधण ठेवायची.

केसरचा धाकटा भाऊ शेखर त्याच कंपनीत होता, भीमराजच्याच शब्दावर लागलेला. कुरुळीला त्यांची आई शेवटची आजारी होती, त्या आठवड्यात तो एकदा सात मिनिटं उशिरा आला. भीमराजने सात मिनिटं मांडली आणि शेखरचा अर्ध्या दिवसाचा पगार गेला. केसरने घरी एकदाच विचारलं, सात मिनिटं सोडली असती तर कंपनी बुडाली असती का. तो म्हणाला, कार्डावर उमटलंय, मी कोण पुसणारा. त्यानंतर पंधरा दिवस तिने त्याला चहा दिला, पण कप हातात दिला नाही. खाली ठेवायची आणि जायची.

तोच शेखर आता तिच्याशेजारी बाकड्यावर बसला होता. पलीकडे मिनल. घड्याळ केसरच्या पदराच्या गाठीत. तिघांचं ठरलं होतं, की तीन वाजेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

दहा वाजून सात मिनिटांनी दार उघडलं.

मॅडम उभ्याने बोलल्या नाहीत. बाकड्याच्या टोकाला बसल्या, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगितलं. दाणे होते, पुष्कळ. यकृताला हात लावला नाही. पुन्हा केमो बदलून बघू, त्याने काही काळ मिळतो. उद्या त्या स्वतः भीमराजशी बोलणार होत्या. आज गुंगीत काही सांगण्यात अर्थ नव्हता.

केसरने मान हलवली. मॅडम गेल्यावर मिनल उठून बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पाणी बराच वेळ वाहत होतं.

“दाजी इचारतील,” शेखर म्हणाला.

“इचारणार न्हाईत. घड्याळ बघतील.”

केसरने गाठ सोडली. घड्याळाची बारीक किल्ली नखाने ओढून बघितली. आयुष्यभर भांडी घासलेलं नख, त्याला धार नव्हती. तीनदा निसटली. मग तिने घड्याळ भावापुढे धरलं.

“चार तास पुढं कर.”

शेखर तिच्याकडे बघत राहिला. “आक्का, मला सात मिनिटं सोडली न्हवती त्यांनी.”

“म्हनून तर तुझ्याकडं देतीय.”

त्याने किल्ली ओढली आणि काटा फिरवला. एक फेरा, दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्याला त्याचा हात सावकाश झाला.

अकरा वाजून गेल्यावर केसरला आत बोलावलं. एकालाच, आणि जास्त बोलायचं नाही असं सिस्टरने बजावलं. ते सोपं होतं. भीमराजचे ओठ सुकले होते, नाकात नळी होती. भिंतीवरचं घड्याळ होतं, पण ते त्याच्या डोक्यामागे. त्याने सलाइन नसलेला हात चादरीवर उताणा केला.

केसरने घड्याळ बांधलं. पट्टा नेहमीच्या भोकात सैल झाला. तिने एक भोक आत घेतलं.

त्याने हात डोळ्यांजवळ आणला. तीन वाजून बारा मिनिटं. तो बघत राहिला, इतका वेळ, की सेकंदकाट्याचा एक फेरा पूर्ण झाला असेल. मग त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण केसरने त्याचा असा चेहरा फार थोड्या वेळा बघितला होता. एकदा मिनल झाली तेव्हा.

“ओव्हरटाइम लाव आता त्याला,” तो पुटपुटला. यकृताबद्दल.

ती हसली. हसता आलं याचं तिलाच नवल वाटलं. आपण एक शब्द खोटा बोललो नाही, हे तिने मनात दोनदा म्हणून बघितलं. सिस्टर येऊन सलाइनचा वेग कमी करून गेली. तो डोळे मिटायचा, उघडायचा, मनगट बघायचा, पुन्हा मिटायचा.

आणि मग हायवेपलीकडून कंपनीचा भोंगा वाजला.

आखूड. एकदाच.

भीमराजने डोळे उघडले. तो दुसऱ्याची वाट बघत होता. केसर सलाइनच्या बाटलीकडे बघत होती, एकेक थेंब पडत होता. दुसरा भोंगा वाजला नाही. भोंग्याचं बटण चौतीस वर्षं ज्याने दाबलं, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिलाही नव्हती.

त्याने घड्याळात बघितलं. काटे बरोबर साडेतीनवर होते. मग त्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या पदराच्या टोकाला सुटलेल्या गाठीच्या सुरकुत्या होत्या, त्यांच्याकडेही.

“साडेतीनचा भोंगा झाला,” तो म्हणाला.

केसरने पदराचं टोक मुठीत घेतलं.

“जा, चहा घे. सकाळपासून तशीच असशील.”

“व्हय,” ती म्हणाली, आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, तेव्हा त्याने केसरला बाहेर थांबायला सांगितलं. काय बोलणं झालं ते तिला कळलं नाही. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, की त्यांना माहीत होतं. तुम्ही सांगितलंत का? केसरने नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं.

टाके निघाले, तो घरी आला. नवी केमो सुरू व्हायला आठवडा होता. घड्याळ भीमराजच्या हातात तसंच होतं, चार तास पुढे. मिनल एकदा म्हणाली, पप्पा, आणा मी लावून देते. त्याने हात चादरीखाली घेतला. औषधाच्या गोळ्या मात्र तो स्वयंपाकघरातल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचा, मिनिटाची चूक न करता.

रविवारी शेखर दहाला येतो म्हणाला होता. कुरुळीहून निघायलाच त्याला उशीर झाला, मग वाटेत ट्रॅफिक. दारात चप्पल काढता काढता तो म्हणाला, “जयभीम दाजी. जरा येळ झाला.”

स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. भीमराजने आपल्या मनगटाकडे बघितलं. चष्मा वर करून नीट बघितलं, पूर्वी कार्ड बघायचा तसं.

“वेळेवर आलास,” तो म्हणाला. “बस.”

शेखर बसला. केसरने चहा आणला, कप नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याला नीट धरता येईपर्यंत सोडला नाही.